माती-व्हायरस टेस्टचं पॅकेज: लॅब चांगली, सूचनांचा कागद मात्र घात करणारा

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांना खाली वाचत बसायला नको. पाचपैकी साडेतीन स्टार. लॅबमधलं काम नीट आहे, रिपोर्ट समजतो, फोनवर बोलणारा माणूस विषय जाणणारा आहे, पण किटसोबत जो सूचनांचा कागद येतो तो जसाच्या तसा पाळला तर तीनपैकी एका व्हायरसचा रिपोर्ट हमखास खोटा निगेटिव्ह येणार आणि तो हातात धरून तुम्ही खुशाल त्याच जमिनीत पुन्हा बटाटा लावणार. लॅबचं नाव टाकत नाही, मला भांडण नकोय, आणि असलंच पॅकेज आता बरेच जण विकतात, त्यांचे कागदही एकमेकांचे बघूनच छापलेले असावेत असा माझा दाट संशय आहे.

पॅकेजमध्ये मातीतून पसरणारे तीन व्हायरस तपासतात. बटाट्याचे दोन, म्हणजे पोटॅटो मॉप-टॉप आणि टोबॅको रॅटल, आणि बीटचा एक, बीट नेक्रॉटिक यलो व्हेन, ज्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला रायझोमेनिया म्हणतात. नावं लांबलचक आहेत म्हणून पुढे नुसतं मॉप-टॉप, रॅटल आणि रायझोमेनिया एवढंच लिहिते. पेटीत मातीच्या पिशव्या येतात, लेबलं, तो कागद, जागेवर करायच्या थोड्या टेस्ट-पट्ट्या, आणि रिपोर्ट आल्यावर एक सल्ल्याचा कॉल फुकट असतो.

हे मागवायची वेळ का येते ते आधी सांगते. बटाटा बाहेरून एकदम झकास दिसतो, साल गुळगुळीत, वजनही चांगलं, आणि मधोमध कापला की आत तपकिरी कंस. एकात एक बसवलेले अर्धगोल, मधला गर पांढराच, आणि डागाच्या जागी सुरीला किंचित बुचासारखं लागतं, करकर होतं. प्रोसेसिंगवाले असला लॉट दारात उभा करत नाहीत. आता गंमत अशी की मॉप-टॉप आणि रॅटल दोघंही कापलेल्या बटाट्यात हेच चित्र काढतात, नुसत्या डोळ्यांनी कुणाचं कोणतं ते ओळखता येत नाही, भले समोरचा कितीही छातीठोकपणे सांगू दे. आणि तिसरीच शक्यता म्हणजे व्हायरस नाहीच, कॅल्शियम कमी पडलं, गरमी आणि पाण्याचा ताण झाला की गरात गंजासारखे ठिपके पडतात, ते कंस नसून विखुरलेले असतात पण पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो. म्हणजे अंदाजपंचे काम करून चालत नाही, टेस्ट लागतेच, कारण तिन्हींचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला काडीचाही लागू पडत नाही.

आता पट्ट्या. कोविडच्या वेळी घरोघरी पोचलं तेच तंत्र, चुरा करा, द्रावणात घोळवा, थेंब टाका, एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे आहे. रायझोमेनियासाठी मला हे आवडलं, पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं आणि चुरा करायची पिशवी आतून जाळीची असल्याने मुळं नीट चिरडली जातात. पण इथेही कागदावर फक्त 'झाडाचा भाग घ्या' एवढंच लिहिलंय. कुठला भाग? हा व्हायरस पानात क्वचितच चढतो, शिरा पिवळ्या पडून वाळतात ते नावात आहे खरं पण शेतात ते चित्र दुर्मिळच. तो बसलेला असतो खालच्या बारीक तंतूमुळांत. रोगट बीट उपटलं तर मुख्य मूळ मधेच आवळल्यासारखं दिसतं, खालचं टोक मेलेलं आणि त्याच्याभोवती दाढीसारखा केसाळ मुळांचा गुंता, आडवं कापलं तर मधल्या शिरा तपकिरी. ती दाढी घ्यायची, माती हलक्या हाताने धुवायची आणि तिचा चुरा करायचा. पान घेतलंत किंवा वरच्या खांद्याचा तुकडा घेतलात तर पट्टी बिनदिक्कत एकच रेघ दाखवेल.

बटाट्यासाठी मात्र पट्टीवर विसंबू नका असं माझं स्पष्ट मत. दोन कारणं. मॉप-टॉप कंदात एकसारखा पसरलेला नसतो, एका बाजूला सापडतो, चार बोटं सोडून नाही सापडत, त्यामुळे एका ठिकाणचा टोचा घेऊन काही सिद्ध होत नाही. आणि रॅटलचं तर फारच चमत्कारिक आहे. त्याचे दोन आरएनए, म्हणजे व्हायरसची जनुकीय माहिती बाळगणारे धागे, असतात, कण बनवायला लागणाऱ्या आवरणाच्या प्रथिनाची माहिती दुसऱ्या आरएनएवर असते, पण पहिला एकटाच झाडात पसरू शकतो, रोग करू शकतो, डाग पाडू शकतो. पट्टी आणि एलायझा (लॅबमधली प्रथिनं ओळखणारी टेस्ट) दोन्ही त्या आवरणालाच पकडतात. आवरणच नाही तर पकडणार काय? म्हणजे बटाट्यात डाग ढळढळीत आणि टेस्ट स्वच्छ. अशा वेळी पहिल्या आरएनएवर लावलेली पीसीआरच, म्हणजे जनुकीय माहिती शोधणारी टेस्टच, कामाची. लॅबवाल्यांना हे माहीत आहे, ते रॅटलला थेट पीसीआरच करतात, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. पण मग बटाट्याची पट्टी पेटीत का घालतात हा प्रश्न उरतोच, मला वाटतं पेटी भरलेली दिसावी म्हणून.

आता मुख्य तक्रार. कागदावर ठळक अक्षरात लिहिलंय की माती सावलीत पसरून पूर्ण सुकवा, ढेकळं फोडा, चाळा आणि मग पाठवा. तिन्ही टेस्टना एकच सूचना. पोस्टेजला हलकी पडते, पिशवी फुटत नाही, लॅबला हाताळायला सोपी, सगळं मान्य. पण या तीन व्हायरसांचं वाहन एक नाही ना.

मॉप-टॉप जातो स्पॉन्गोस्पोरावर बसून, बटाट्याच्या सालीवर पावडरी स्कॅबचे फोड आणतो तोच जीव. रायझोमेनिया जातो पॉलिमिक्सावर बसून. हे दोघं बुरशीसारखे वाटतात पण खऱ्या बुरशीत मोडत नाहीत, मुळांच्या पेशीत शिरून राहणारे परजीवी आहेत. त्यांचे विश्रांतीचे बीजाणू जाड कवचाचे, गुच्छाने मातीत पडून राहणारे, आणि व्हायरस त्या कवचाच्या आत सुखरूप. ऊन लागो, माती कोरडीठाक होवो, दहा-पंधरा वर्षं यजमान पीक नसो, ते वाट बघत बसतात. पाणी साचलं, मूळ जवळ आलं की बीजाणू फुटतो, त्यातून दोन शेपट्यांचा पोहणारा जीव निघतो, मुळाच्या पेशीला चिकटतो, भोक पाडतो आणि आपला सगळा ऐवज आत ओततो, व्हायरससकट. अशा जीवांच्या टेस्टसाठी माती सुकवणं योग्यच आहे, उलट फायद्याचं आहे, कारण बाकीची लुडबुड मरते आणि जे सापडेल ते बीजाणूतूनच आलंय हे कळतं.

रॅटल जातो ट्रायकोडोरस जातीच्या सूत्रकृमींवर, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींवर, बसून. हा सूत्रकृमी मुळाबाहेर राहूनच सुईने पेशी टोचून रस पितो आणि त्याच्या घशाच्या आतल्या अस्तराला व्हायरसचे कण चिकटून राहतात, महिनोन्महिने. पण कात टाकली की अस्तर जातं आणि व्हायरसही जातो, अंड्यातून पिल्लांकडे तो पोचतच नाही. हे कृमी अत्यंत नाजूक. माती सुकवली की मेले, गाडीच्या डिकीत तापली की मेले, पिशवी आपटत नेली तरी बरेचसे मेले. आणि लॅब टेस्टसाठी त्याच मातीत रोपं लावते (ते पुढे सांगते), मेलेला कृमी त्या रोपाला टोचणार नाही, म्हणजे रोपात व्हायरस जाणार नाही, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह. अरे, तुम्हीच सांगितलंत मारायला!

मला कागद वाचतानाच हे खटकलं म्हणून मी त्याच पट्ट्यातली माती दोन प्रकारे पाठवली. एक कागदाप्रमाणे सुकवून, चाळून. दुसरी वाफशावर असताना काढलेली, न चाळता, जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, थंड डब्यात, आणि वर मार्करने लिहिलं 'ओली माती, सुकवू नका, फक्त रॅटल'. रिपोर्ट आले. मॉप-टॉप नाही. रॅटल सुक्या पिशवीत नाही आणि ओल्या पिशवीत आहे, आणि सीटी आकडा इतका खाली की काठावरचं प्रकरण म्हणायलाही जागा नाही (सीटी जितका कमी तितका व्हायरस जास्त, हे रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात आहे, मोठं करायला हवं). पट्टा तोच, माती तीच, दोन पिशव्यांची दोन उत्तरं. मी सुकी एकटीच पाठवली असती तर दोन्ही व्हायरस नाहीत असा कागद मिळाला असता आणि मी डागांचा दोष कॅल्शियमला देऊन मोकळी झाले असते.

फोन केला. आधी जी मुलगी बोलली ती म्हणाली मॅडम हा कागद सगळ्यांनाच जातो, बरोबरच असणार. मग तिने एका सरांना जोडलं, ते ऐकून घेऊन सरळ म्हणाले की तुमचं बरोबर आहे, रॅटलसाठी सुकी माती आम्ही घ्यायलाच नको. म्हणजे आत माहिती आहे आणि बाहेरच्या कागदावर नाही. एवढ्यासाठीच दीड स्टार कापलेत.

सॅम्पल काढायच्या सूचनाही कच्च्या आहेत. 'पूर्ण शेतातून वरची पंधरा सेंटीमीटर माती गोळा करून एकत्र मिसळा.' एनपीके बघायला हे ठीक, व्हायरसला नाही. हा रोग शेतात ठिपक्या-ठिपक्याने असतो, एखादा पट्टा पार बाद आणि शेजारी काही नाही. सगळं एकत्र कालवलं की बाधित मुठीवर दहा मुठी चांगली माती पडते आणि व्हायरस पातळ होऊन हातातून निसटतो. शिवाय वरची माती सुकली की ट्रायकोडोरस खाली उतरतो, वरच्या वितभर मातीत तेव्हा तो भेटायचाच नाही. मी सुचवेन ते असं: शेताचे तुकडे पाडा आणि वेगवेगळ्या पिशव्या करा. पाणी साचणारा खोलगट भाग वेगळा, ट्रॅक्टर आत शिरतो ते तोंड वेगळं, चराच्या कडेची माती वेगळी, आणि पूर्वी कधी बटाट्याची-बीटची झटकलेली माती किंवा सडका माल टाकला असेल तो कोपरा तर आधी. जमीन थंड आणि ओलसर असताना काढा, मुळांच्या खोलीपर्यंत जा. पिशव्या वाढल्या की पैसे वाढतात हे खरंय, म्हणूनच सगळीकडची थोडी-थोडी घेण्यापेक्षा संशयाच्या दोन जागांची भरपूर घ्या असं म्हणते.

लॅबमध्ये पुढे जे होतं ते मात्र खरंच कौतुकाचं. ते माती थेट मशीनमध्ये घालत नाहीत. त्या मातीत कोवळी रोपं लावतात, रायझोमेनियासाठी बीटची, बाकी दोघांसाठी तंबाखूच्या कुळातली, ठराविक तापमानाला काही आठवडे वाढवतात, भरपूर पाणी देतात म्हणजे पोहणाऱ्या जीवांना मुळापर्यंत जाता येतं, आणि शेवटी त्या रोपांची मुळं धुऊन त्यांची एलायझा किंवा पीसीआर करतात. आमिष लावून चोर पकडायची ही पद्धत जुनी आहे, वेळखाऊ आहे, पण यात व्हायरस नुसता आहे की नाही एवढंच नाही तर तो आजही झाडाला लागू शकतो का हे कळतं. रिपोर्टसोबत त्या मुळांचे फोटो होते, शेजारी निर्जंतुक वाळूत वाढवलेल्या रोपाचा फोटो आणि त्याचा निकालही होता. हे वाळूचं रोप फार महत्त्वाचं आहे, ते निगेटिव्ह आलं नसेल तर तुमचं पॉझिटिव्ह लॅबच्याच ग्रीनहाउसमधून लागलेलं असू शकतं. रिपोर्ट घेताना कंट्रोलचा, म्हणजे या वाळूच्या रोपाचा, निकाल मागाच, कुठल्याही लॅबकडे.

वेळ लागतो हे कागदावर नीट लिहिलं नाहीये. लागवड तोंडावर आल्यावर माती पाठवलीत तर रिपोर्ट येईपर्यंत बेणं जमिनीत गेलेलं असेल. मग लोक त्यांचा दुसरा पर्याय घेतात, मातीतून थेट डीएनए काढून दोन-तीन दिवसांत उत्तर. तो मी घेऊन बघितला आणि पुन्हा घेणार नाही. एक तर त्यात चिमूटभर माती वापरतात, एवढ्या मोठ्या शेतातून चिमूटभर. दुसरं, मातीतली ह्युमिक आम्लं पीसीआरचं काम अडवतात, काळ्या सेंद्रिय मातीत तर जास्तच, नीट शुद्ध केलं नाही तर आहे ते नाही दिसतं. आणि तिसरं, मुख्य म्हणजे तो स्पॉन्गोस्पोराचा डीएनए शोधतो, व्हायरस नाही. माझ्या एका तुकड्यात तो पॉझिटिव्ह आला, खाली लाल अक्षरात 'धोका'. अहो पण वाहन सापडलं म्हणजे प्रवासी सापडला असं नाही, स्कॅब असलेल्या कितीतरी जमिनी मॉप-टॉपशिवाय आहेत, आणि आमिष-रोपांनी त्या तुकड्यात मॉप-टॉप नाहीच दाखवला. स्कॅबसाठी म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, व्हायरससाठी नको.

अजून एक गोष्ट मला मनापासून आवडली नाही. निगेटिव्ह आलं की ते एक छानसं सर्टिफिकेट देतात, 'व्हायरसमुक्त जमीन'. बेण्याचे प्लॉट करणारे ते पुढे ग्राहकाला दाखवतात. हे चुकीचं आहे हो. सगळे बीजाणू एकाच वेळी फुटत नाहीत, काही या वर्षी, काही पाच वर्षांनी. जी पिशवी आली त्या पिशवीत, त्या रोपांना, त्या तापमानाला सापडलं नाही, एवढंच लॅब सांगू शकते. 'आढळला नाही' छापा आणि खाली किती तुकड्यांची किती माती तपासली ते छापा, कुणी कमी पैसे देणार नाही.

आता सल्ल्याचा कॉल. इथे मी कंजूसपणा न करता पाच स्टार देते. ते सर जे बोलले त्यात एकही औषध विकायचा प्रयत्न नव्हता. पहिलंच वाक्य, जमिनीतला व्हायरस मारायला फवारणी नाही आणि ड्रेंचिंगही (मुळाशी औषध ओतणं) नाही, आता प्रश्न फक्त तो कुठे जाणार एवढाच आहे. आणि तो जातो मातीबरोबर. टायरला, नांगराच्या फाळाला, डिगरच्या पट्ट्याला, बुटाला, भाड्याच्या ट्रॉलीला चिकटून. त्यांनी काम उलटं लावायला सांगितलं, म्हणजे स्वच्छ शेत आधी आणि संशयाचं शेवटी, आणि मधे यंत्र आधी कोरडं खरवडून मग पाण्याने धुवायचं, कारण नुसता पाइप मारला की तीच माती चिखल होऊन फटीत बसते. ते धुतलेलं पाणी चरात सोडायचं नाही, नाहीतर खालच्या माणसाच्या शेतात तुम्हीच पाठवून दिलंत.

मालासोबत येणारी माती हा तर मोठाच रस्ता. बीटच्या ढिगाबरोबर, बटाट्याच्या ग्रेडिंगच्या शेडमध्ये जी माती गळते ती दहा शेतांची एकत्र झालेली असते आणि लोक ती 'चांगली माती आहे' म्हणून दुसऱ्याच शेतात टाकतात. सडका, फोड आलेला बटाटा जनावरांना घातला तर स्पॉन्गोस्पोराचे बीजाणू पोटातून जिवंत बाहेर येतात आणि शेणखतातून परत शेतात. हे ऐकून मी उकिरड्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलेय. रायझोमेनियाचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं, १९५० च्या दशकात इटलीत लक्षात आला, जपानमध्ये १९७३ मध्ये व्हायरस वेगळा काढला गेला, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, १९८७ मध्ये इंग्लंडात, आणि पॉलिमिक्सा तर स्वतःच्या शेपट्यांवर पोहून फार तर काही सेंटीमीटर जातो. बाकीचा प्रवास त्याला माणसांनी आणि पाण्याने घडवला.

बेण्याच्या बाबतीत त्यांनी एक दिलासा दिला आणि एक धास्ती. मॉप-टॉप लागलेलं बेणं लावलं तर त्याच्या सगळ्या कंदांत तो उतरत नाही, थोड्यांतच उतरतो, त्यामुळे वाहक नसलेल्या जमिनीत दोन-चार पिढ्यांत तो आपोआप विरळ होत जातो. हा दिलासा. धास्ती ही की त्याच बेण्यावर स्कॅबचे फोड असतील तर तुम्ही व्हायरस आणि त्याचं वाहन दोन्ही एकदम नव्या जमिनीत नेऊन ठेवलंत, आणि मग तो जात नाही. शिवाय डाग लगेच दिसतीलच असं नाही, काढणीला स्वच्छ असलेला बटाटा साठवणीत तापमान खाली-वर झालं की डाग दाखवायला लागतो. काही जाती व्हायरस बाळगतात आणि डाग दाखवतच नाहीत, बाजाराला त्या बऱ्या, शेजाऱ्याला नाही.

माझ्या रॅटलवर त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. याला फेरपालट साधी चालत नाही, कारण रॅटल ४०० हून जास्त प्रकारच्या वनस्पतींना लागतो, त्यात आपली नेहमीची तणं आली आणि काही तणांच्या बियांतूनही तो पुढे जातो. म्हणजे बटाटा बंद केला तरी तणांवर त्याचा संसार चालूच. पण अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झालेल्या कामात असं दिसलं की लसूणघास लावला तर सूत्रकृमी त्यावर जगतात, वाढतात, पण व्हायरसला तो मानवत नाही, त्यामुळे कृमी कात टाकत जातात आणि पुढची पिढी व्हायरसविना मोठी होते. कृमी राहतात, भार उतरतो. अट एकच, तण अजिबात नको, विशेषतः कामोणीच्या जातीचं, ते राहिलं तर कृमी त्यावरून पुन्हा व्हायरस उचलतात आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी त्या पट्ट्यात लसूणघास टाकलाय आणि खुरपणीला हयगय करत नाहीये. मॉप-टॉप असता तर हा उपाय कुचकामी ठरला असता, बीजाणूंना कात टाकायची नसते. बघा, म्हणूनच कुठला व्हायरस हे कळणं गरजेचं.

तापमानाचंही एक लक्षात ठेवा, कारण इथे सल्ले उलटसुलट होतात. स्पॉन्गोस्पोराला थंड ओली जमीन लागते, साधारण १२ ते १८ अंश. पॉलिमिक्साला उबदार ओली लागते, पंचविशीच्या आसपास. म्हणून बीट लवकर, जमीन थंड असताना पेरलं तर मुळाला आधी जोर धरायला वेळ मिळतो, पण बटाट्याला हाच सल्ला दिला तर स्कॅबला आमंत्रण. ओल मात्र दोघांनाही हवी, म्हणजे निचरा सुधारणं आणि पाणी तोलून देणं दोन्हीकडे लागू.

बीटवाल्यांसाठी प्रतिकारक जातींबद्दल थोडक्यात: आहेत, चांगल्या आहेत, रायझोमेनियात आज त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पण त्या जातीतही व्हायरस थोडाफार वाढतो, पॉलिमिक्साही वाढतो, आणि एकाच जनुकावर वर्षानुवर्षं भार टाकला की तो मोडणारे व्हायरसचे प्रकार तयार होतात, ते काही भागांत झालेलंच आहे. प्रतिकारक जात लावूनही शेतात पिवळे पट्टे दिसले तर दाढी उपटून टेस्टला पाठवा, 'जात चांगली आहे, नत्र कमी पडलं असेल' म्हणून युरिया टाकत बसू नका.

कुणी मागवावं: बेण्याचे प्लॉट करणारे, नवी जमीन कसायला घेणारे, कापलेल्या बटाट्यात कंस दिसलेले, आणि ज्यांच्या बीटची साखर अचानक घसरलीय ते. मागवताना फोनवर आधीच सांगा की रॅटलची पिशवी ओली येणार आहे आणि ती आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा, नाहीतर सुट्टीचे दोन दिवस कुरिअरच्या गोदामात पडून तापते. कुणी मागवू नये: गाजर आणि रताळंवाल्यांनी. पॅकेजच्या जाहिरातीत 'सर्व कंदमुळांसाठी' असं लिहिलंय ते सोडून द्या. गाजराचा मोटली ड्वार्फ हा रोग मावा पसरवतो, रताळ्याचे नेहमीचे व्हायरस मावा, पांढरी माशी आणि लागणीच्या वेलांतून येतात, कसाव्याचा मोझॅक पांढऱ्या माशीतून आणि कांड्यांतून. त्यांच्या मातीत हे तीन व्हायरस शोधून त्यांना काहीही कळणार नाही, त्यापेक्षा तेच पैसे स्वच्छ वेल आणि कांड्या घेण्यात घाला.